पलीकडच्या टोकाचा आकडा

टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला गल्लीने दुसरं काय नाव देणार? टेस्टबाई. कोणाची इस्त्री तापेना, कोणाच्या दाराची घंटा वाजेना, की आधी टेस्टबाईंकडे धाव आणि मग दुकानात. बाई हातातलं काम टाकून जायच्या, बिघाड काढून द्यायच्या आणि निघताना दोन शब्द सुनावायच्या. "वायर उंदराने खाल्ली आणि शिव्या इस्त्रीला देताय होय!"

त्यांचा नवरा त्याच खात्यात लाइनमन. डावखुरा म्हणून सोबत्यांनी त्याला डावऱ्या केला आणि पुढे हजेरीच्या वहीशिवाय त्याचं खरं नाव कुठे उरलं नाही. दोघांचं लग्न तारेवर जमलं. लाइन बिघडली की काम दोन टोकांनी चालतं. एक जण इकडे डेस्कवर, एक जण तिकडे खांबावर. इकडून विचारायचं, तिकडून मीटर बघून आकडा सांगायचा. आणि या कामाचा एकच कायदा, पलीकडच्या टोकाने सांगितला तो आकडा खरा. तो लिहून घ्यायचा आणि पुढे जायचं. शंका काढत बसलं तर दर वेळी दहा मैल सायकल हाणत जाऊन स्वतः बघावं लागेल, मग खातं चालायचं कसं? बाईंनी डावऱ्याचा आवाज दीड वर्ष ऐकला आणि चेहरा नंतर पाहिला. चेहरा बेताचाच निघाला. पण दीड वर्षात आकडा एकदाही चुकला नव्हता. बाई म्हणाल्या, चालेल.

तर असं हे जोडपं, आणि त्यांच्या दारात उभी एक कॅम्पर, चाकांवरचं घरच. मागे पलंग, मधे शेगडी आणि हात धुवायला एवढंसं बेसिन, खिडक्यांना बाईंनी शिवलेले पडदे. गाडी जुनी होती, त्यांच्या लग्नापेक्षा दोनच वर्षांनी लहान. बाईंनी ती हट्टाने घेतली होती आणि त्या हट्टाला कारण होतं. त्यांच्या डेस्कच्या यादीत सगळ्यात शेवटची लाइन समुद्रकाठच्या दीपगृहाची. एकतीस वर्षं रोज सकाळी त्यांनी ती लाइन तपासली. पलीकडून दिवेवाला सांगायचा, आज वारा आहे, आज धुकं आहे, आज काहीच नाही, नुसतं पाणी. बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. निवृत्त झालो की आधी तिथे जायचं, हे त्यांनी डावऱ्याला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं आणि त्याने मान डोलावली होती.

आणि आता घाई होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या थंडीत स्पष्ट सांगितलं होतं. या दुखण्यात मधलं दिसणं जातं, कडेचं राहतं. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याला वर्षभर धरा. बाई ज्याच्याकडे बघत तिथेच नेमका करडा डाग येई. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. "कान बघूनही माणसाची पारख होते," असं त्या हसत सांगत, पण घरी येऊन त्यांनी दीपगृहाची वाट नकाशावर लाल पेन्सिलीने जाड करून घेतली होती.

तीनदा निघाले आणि तीनदा घोडं अडलं. पहिल्यांदा गाडी शहराच्या वेशीबाहेरच्या उतारावर बंद पडली. दुसऱ्यांदा वीटभट्ट्यांपाशी. तिसऱ्यांदा तर वीस किलोमीटरही झाले नव्हते. दर वेळी तेच. इंजिन चांगलं फिरत असायचं आणि मग दम लागल्यासारखं दोन आचके देऊन गप्प. चावी फिरवली की मागे टाकीजवळचा पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा, तो मुका. दुसऱ्या दिवशी अंगणात मात्र गाडी एका चावीत चालू व्हायची. बाजारात जाऊन यायची. लग्नघरच्या खुर्च्या वाहून आणायची. रुसायची ती फक्त लांबच्या वाटेला.

रस्त्याच्या कडेला दोघांनी तपासणी केली ती आपल्या जुन्या रीतीने. बाई पुढे, डॅशबोर्डखालच्या, पंपाला वीज सोडणाऱ्या रिलेपाशी. डावऱ्या मागे, पलंगाखालचं झाकण उघडून, पंपाच्या प्लगात मीटरच्या सुया खुपसून. बाईंना मीटरवरचे आकडे वाचता येत नसत, म्हणून मीटर त्याच्याच हातात.

"किती?" बाई ओरडत.

"बारा!"

"अर्थ?"

"अर्थ चोख!"

झालं. पंपापर्यंत वीज पोचते आहे, परतीची वाट चोख आहे आणि पंप फिरत नाही, तर दोष कोणाचा? पंपाचा. शाळेतलं पोरही हेच सांगेल. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने पंप बदलला. दुसऱ्यांदा पुन्हा "बारा!" आणि पुन्हा नवा पंप. तिसऱ्यांदा गाडी दोरीने ओढून आणली तेव्हा बाई रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. डावऱ्या मात्र बराच बोलला. "जुनं मॉडेल आहे गं. आपलंही वय झालं. देऊन टाकू कोणाला तरी. मी एकाशी बोललोय, रविवारी बघायला येतोय." आणि मग हळूच, "समुद्र काय, टीव्हीवरही दाखवतात."

बाईंना ते लागलं. पण त्या म्हणाल्या एवढंच, "चावी माझ्याकडे द्या. बिघडलेली लाइन तपासल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." चावी त्यांनी कमरेला खोचली. डावऱ्याने दोन दिवसांत ती तीनदा मागितली. बॅटरी बघतो म्हणाला, खिडकी उघडी राहिली म्हणाला, चष्मा आत विसरला म्हणाला. चष्मा त्याच्या डोक्यावरच होता. बाई हसल्या.

शुक्रवारी सकाळी डावऱ्या केस कापायला गेला. म्हणजे दोन तासांची निश्चिंती, कारण त्याचे केस मूठभर आणि गप्पा पोतंभर. तो गेला आणि मिस्त्री फाटकाशी येऊन उभा राहिला. हात पुशीत, इकडेतिकडे बघत.

"बाई, एक सांगू का? राग मानू नका."

"राग मानायचा की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

"तुमच्या गाडीतले काढलेले दोन्ही पंप माझ्याकडे पडले होते. काल सहज बॅटरीला लावून बघितले. दोन्ही फिरतात. अगदी नव्यासारखे. म्हणजे एक पंप मेला असता तर समजलं असतं, पण बाई, दोन्ही जिवंत? तुमचं मोजमाप कुठेतरी..." टेस्टबाईंना त्यांचं मोजमाप चुकलं म्हणायचं म्हणजे धाडसच.

"माझ्याच डोक्यात काहीतरी उलटसुलट झालं असेल," बाई म्हणाल्या. ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. मिस्त्री गेल्यावर त्या बराच वेळ पायरीवर बसल्या. मीटर बिघडला असेल का? आपण बारा ऐकलं आणि तो भलतंच काही म्हणाला असेल का? डोळ्यांपाठोपाठ कानही निघाले की काय? सगळ्या शंका त्यांनी स्वतःवर घेऊन पाहिल्या. पलीकडच्या टोकावर एकही घेतली नाही.

मग त्या उठल्या. मीटर वाचता येत नाही ना, मग दिवा तर दिसतो. जुन्या मोटारीचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, टोकाला चिमटे. बल्बकडे सरळ बघायचं नाही, त्याच्या शेजारी बघायचं, म्हणजे उजेड डागाच्या बाहेर पडतो. आधी तो थेट बॅटरीला लावला. लखलखीत पेटला. मग डॅशबोर्डखालचा रिले उपटून त्याच्या खाचेत वायरचा तुकडा अडकवला, म्हणजे पंपाकडे वीज सतत वाहत राहते. मागे जाऊन गादी उचलली, झाकणाचे स्क्रू बोटांनी चाचपून सोडवले, पंपाचा प्लग काढला आणि बल्ब तिथे जोडला.

अंधार.

परवा इथेच बारा व्होल्ट होते, आज नाहीत, म्हणजे मधल्या दोन दिवसांत वायर कुठेतरी तुटली असणार, असं बाईंनी ठरवलं. त्या वेळीही त्यांच्या मनात दुसरं काही आलं नाही. त्या लगेच कामाला लागल्या.

लांब तारेवरचा बिघाड शोधायचा तर टोकापासून चालत जायचं नसतं. तार मधोमध गाठायची, दोष अलीकडे की पलीकडे बघायचं, आणि उरलेली पुन्हा मधोमध. बाईंनी शेगडीच्या कपाटामागे वायर पकडली, टाचणी टोचली, बल्ब लावला. अंधार. म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. मग चालकाच्या सीटच्या पुढे टोचली. पेटला! म्हणजे दोष सीटखाली, हातभर जागेत. गुडघे टेकून त्यांनी पायपुसणं बाजूला केलं, त्याखालची चटई सोलली आणि हात आत घातला.

वायर तुटली नव्हती. ती कापली होती, आणि कापलेल्या दोन टोकांना दोन नव्या वायरी जोडून वर सीटच्या सांगाड्याकडे नेल्या होत्या. तिथे एक लहानसा खटका. बसल्या जागी डावा हात खाली सोडला की बरोबर बोटाशी येईल असा. बाईंनी बल्ब पुन्हा मागे पंपाच्या प्लगाला जोडला आणि पुढे येऊन खटका दाबला. मागे पलंगापाशी, नजरेच्या कडेला, बल्ब पेटला.

बाईंनी जोडावरची टेप सोलली आणि तांब्याचे पीळ अंगठ्याखाली फिरवले. पाच घट्ट वेढे, पक्कडीने दाबलेलं शेपूट, आणि पीळ उलटा. जगातले सगळे जॉइंट उजवीकडे वळतात. डावीकडे वळणारा त्यांच्या एक्स्चेंजमध्ये एकाच माणसाचा होता. साहेब वायर हातात घेऊन म्हणायचे, हा डावऱ्याचा, हा शंभर वर्षं सुटायचा नाही.

बाई तिथेच गाडीच्या फरशीवर बसल्या. तरीही, बघा, त्यांनी नवऱ्याचीच बाजू घेतली. चोरांसाठी बसवला असेल. लोक बसवतात असे खटके. बसवला आणि विसरला. पाय लागून बंद होत असेल. माणूस विसरतो. गाडीत एक खटका सापडला म्हणून तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला चोर म्हणायचं का?

पण मग ते बारा? खटका बंद असताना पंपापाशी बारा व्होल्ट येतात कुठून?

बाईंनी खटका होता तसा बंद केला. चटई, पायपुसणं, पुढचा रिले, सगळं जागच्या जागी. मागचा बल्ब काढला. मग बॉनेट उघडून बॅटरीची जाड तार सोडवली, आणि ती बॅटरीला टेकणार नाही अशी फडक्यात गुंडाळून बाजूला वळवली. आता या गाडीत आरशापासून चाकापर्यंत कुठेही विजेचा टिपूस नव्हता.

डावऱ्या आला तो मानेवर पावडर आणि तोंडात गाणं घेऊन. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

"अहो, जरा मीटर धरता का? शेवटचं एकदा बघू. मग रविवारी द्यायची तर देऊन टाकू."

त्याला बरं वाटलं असावं. गाणं गुणगुणतच तो मागे गेला. झाकण सरकल्याचा आवाज आला, मीटरचं बटण खट वाजलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटत होतं, शून्य म्हण. एकदा शून्य म्हण, बाकी सगळं मी गिळते. खटका गिळते, दोन पंप गिळते, तीन वेळा रस्त्यात उन्हात उभं केलंस ते गिळते.

"किती?"

"बारा!" आणि वर भरवशासाठी, "बारा पॉइंट दोन!"

आवाज तसाच होता, खणखणीत. खांबावरून यायचा तसाच.

बाई उतरल्या, गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आल्या. त्याच्या चेहऱ्यावर डाग होता, कान तेवढे दिसत होते.

"बॅटरीची तार काढलेली आहे," त्या म्हणाल्या.

मीटर त्याने गादीवर ठेवला, फार हळू, जणू आवाज झाला तर पकडला जाईल.

"अगं, तो खटका चोरांसाठी..."

"मी खटक्याचं विचारलं का? मी खटक्याचं नावही काढलेलं नाही."

मग मात्र तो पलंगाच्या कडेवर मटकन बसला. बराच वेळ पावडरीची मान खाजवत राहिला. "मला नव्हतं जायचं गं," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच नव्हतं. एवढ्या लांब, ओळखीचं कोणी नाही, रस्त्यात तुला काही झालं तर मी एकटा काय करू? मला रात्री दुसऱ्या गादीवर झोप येत नाही. भीती वाटते मला."

"मग सांगायचं होतं."

"तुला नाही म्हणवत नाही मला. तीस वर्षांत कधी म्हटलंय? वाटलं, दोनचारदा बंद पडली की तूच कंटाळशील."

"नाही म्हणवत नाही," बाई म्हणाल्या, "पण बारा म्हणवतं."

त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. "माझ्या शेजारी बसून तुम्ही तो खटका दाबत होता. तीनदा. मला दिसत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं म्हणून. नवीन पंप आला की मिस्त्रीला चहा तुम्हीच करून देत होता! मी रस्त्यात तेलाच्या डागांवर गुडघे टेकून विचारत होते आणि तुम्ही मागे उभं राहून मनाला येईल तो आकडा सांगत होता. अहो, मला वर्षाच्या आत दिसायचं बंद होणार आहे. दारात कोण आलंय, ताटात काय आहे, गोळी लाल की पांढरी, मी विचारणार कोणाला? माझं पलीकडचं टोक तुम्हीच ना? दुसरं कोण आहे मला?"

डावऱ्या हात जोडल्यासारखं काहीतरी करू लागला. बाईंना ते दिसलं, कडेने. त्यांनी तोंड फिरवलं.

रविवारी येणाऱ्याला बाईंनीच फोन करून नको म्हणून सांगितलं. खटका उपटून काढला. वायर त्यांनी स्वतः जोडली, उजव्या पिळाची, आणि डावऱ्याने पक्कड पुढे केली ती घेतली नाही. रात्री एवढंच बोलल्या. "उद्या सकाळी निघायचं. मला चालवता येत नाही, नाहीतर तुम्हाला तुमच्या गादीवरच ठेवलं असतं."

सकाळी गाडी एका चावीत चालू झाली. उतार गेला, वीटभट्ट्या गेल्या, वीस किलोमीटर गेले. पंप मागे गुणगुणत राहिला. डावऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, वर, दिसतील असे. तो फार चांगला वागत होता. चुकलेलं पोर वागतं तसा. न विचारता सगळं सांगत होता. समोरून ट्रक येतोय. उजवीकडे शाळा आहे, पोरं प्रार्थनेला उभी आहेत. आता चढ लागेल.

"पाटी आली," तो म्हणाला. "पुढे अरुंद पूल."

"थांबवा," बाई म्हणाल्या.

त्याने गाडी कडेला घेतली. बाई उतरल्या, पाटीपर्यंत चालत गेल्या, आणि मान वाकडी करून, नाक पत्र्याला लागेल इतक्या जवळून, एकेक अक्षर कडेने वाचलं. पुढे अरुंद पूल. परत येऊन त्यांनी दार ओढलं. पुढच्या पाटीलाही बाईंनी गाडी थांबवली, आणि त्याच्या पुढच्याही. तिन्ही त्याने बरोबर सांगितल्या होत्या.

अशाने दीपगृह गाठायला दोनाचे चार दिवस लागले असते. डावऱ्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. पुढे रस्ता एका तळ्याच्या काठाने वळला. त्याने गाडी आपणहून हळू केली आणि अगदी लाडीगोडीने म्हणाला, "अगं, बघ तरी. पाण्यात बगळे उभे आहेत. दोन. पांढरेशुभ्र."

"थांबवा."

बाई उतरून काठाशी गेल्या. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पाण्यात दोन ठिकाणी काहीतरी पांढरं होतं. बगळे असतील. झुडपांना अडकलेल्या पिशव्याही असतील. हलत तर काहीच नव्हतं. पुढे पाऊल टाकून पाहिलं तर घोट्यापर्यंत चिखल, त्यापुढे पाणी. इथे जाऊन नाक लावता येण्यासारखं नव्हतं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मागे इंजिन चालू होतं आणि तो वाट बघत होता. शेवटी त्या परत आल्या, चप्पल गवताला पुसली आणि सीटवर बसल्या.

"दिसले ना?" डावऱ्याने विचारलं.

"चला," बाई म्हणाल्या.